परसातला उतार : भिंतीआधी पाण्याची वाट

मराठीत आपण त्याला परस म्हणतो, कन्नडात हित्तलु. आपल्याकडच्या बहुतेक घरांत हे दोन्ही शब्द नांदतात आणि कुणाला त्याचे काही वाटत नाही. कन्नडात एक म्हण आहे, 'हित्तल गिड मद्दल्ल'. परसातल्या झाडाला औषधाची किंमत नसते, असा तिचा अर्थ. परसाच्या जमिनीचीही तीच गत झालेली दिसते. घर बांधताना दर्शनी भागाला ग्रॅनाइट येतो, देवघराला संगमरवर येतो, स्लॅबसाठी इंजिनिअरचा सल्ला घेतला जातो. मागचा उतार मात्र 'पुढे बघू' या खात्यात जातो. मग एखाद्या पावसाळ्यात त्याच उतारावरची माती शेजाऱ्याच्या दारात जाऊन बसते आणि जमिनीच्या प्रश्नाचा माणसांचा प्रश्न होतो.

मी भूगोल शिकवते. वर्गात मृदा, धूप, पाणलोट हे शब्द दरवर्षी फळ्यावर येतात. परंतु हे सारे आपल्या चाळीस फुटांच्या परसालाही लागू आहे, हे मुलांना सांगूनही पटत नाही. म्हणून हा लेख. मंठाळमधल्या आमच्याच परसाचे जे काम आम्ही केले, त्याच्या आधाराने लिहिते आहे.

आपली जमीन ओळखा

आपला सगळा भाग दख्खनच्या काळ्या दगडाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि त्यांचा हा बेसॉल्ट झाला. काही पठारांवर त्याच दगडाचा वरचा भाग कुजून, झिजून तांबडा जांभा तयार झाला. कन्नडात त्याला जंबिट्टिगे म्हणतात. बिदर शहर आणि तिथला किल्ला अशाच जांभ्याच्या पठारावर उभे आहेत. बिदरजवळच्या नौबादची जुनी भुयारी पाणीव्यवस्था, म्हणजे कारेझ, याच रचनेचा फायदा घेऊन केलेली आहे. पावसाचे पाणी सच्छिद्र जांभ्यातून खाली झिरपते आणि खालच्या घट्ट दगडाशी अडून आडवे वाहू लागते. जुन्या लोकांनी ते आडवे पाणी पकडले.

आपल्या परसातही लहान प्रमाणात हेच घडते. वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली कातळ. मुरलेले पाणी सरळ पाताळात जात नाही. घट्ट थर लागला की ते उताराच्या दिशेने आडवे सरकते आणि जिथे वाट अडते तिथे साचते. ती वाट बहुधा आपल्याच भिंतीने अडवलेली असते.

काळ्या मातीचा, एरे मण्णूचा, स्वभाव तर आपल्याला ठाऊकच आहे. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि पावसात तीच माती पाणी पिऊन फुगते. पिकाला हा गुण चांगला, कारण ओल टिकते. भिंतीला मात्र तो वाईट. दरवर्षी फुगणारी आणि आकसणारी माती भिंतीच्या पाठीला लावणे म्हणजे तिला दरवर्षी ढकलायला माणूस ठेवण्यासारखे आहे.

भिंत का पडते?

मातीचे वजन पेलत नाही म्हणून भिंत पडते, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. बहुतेक वेळा तिला पाडते ते मागे साचलेले पाणी. एक साधा हिशोब पाहा. भिंतीमागे एक मीटर, म्हणजे सव्वातीन फूट, पाणी साचले तर भिंतीच्या दर एक मीटर लांबीवर सुमारे ५०० किलोचा रेटा येतो. पाणी दोन मीटर साचले तर रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणजे २००० किलो. उंची दुप्पट, ताकद चौपट, हे सूत्र घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

हा प्रश्न केवळ पुस्तकातला नाही. २९ जून २०१९ रोजी पुण्यातल्या कोंढव्यात संरक्षक भिंत कोसळून खालच्या झोपड्यांतले पंधरा जण गेले. त्यानंतर तीनच दिवसांनी, २ जुलैला, मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत कोसळली आणि तिथेही अनेक कुटुंबे उद्ध्वस्त झाली. दोन्ही वेळा मुसळधार पाऊस होता, आणि दोन्ही वेळा मेले ते भिंतीच्या खालच्या बाजूला राहणारे. भिंत बांधणारा वर असतो, धोका खाली असतो. उताराच्या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

आमच्या परसाची हकीकत

आमच्या घराच्या मागच्या दारापासून कुंपणापर्यंत अंतर चाळीस फूट आणि उतार सहा फूट. सासऱ्यांच्या काळात एका कंत्राटदाराने कुंपणालगत सहा फूट उंच सिमेंटची भिंत उभी केली आणि पायाच्या खोदाईत निघालेली काळी माती तिच्यामागे भरून अंगण सपाट करून दिले. दिसायला छान झाले. पापड-कुरडया वाळवायला जागा झाली, लग्नकार्यात मांडव पडू लागला. भिंतीत पाणी जायला एकही भोक नव्हते.

२०२०च्या ऑक्टोबरात सोलापूर, कलबुर्गी, बिदर या साऱ्या पट्ट्यात जो पाऊस झाला, तो वाचकांना आठवत असेल. भीमेला महापूर आला होता. त्या आठवड्यात आमची भिंत मधोमध फुगली आणि तिला आडवी चीर गेली. भिंतीच्या पलीकडे, सहा फूट खाली, शेजाऱ्यांची पडवी आहे. दिवसा तिथे म्हैस बांधतात आणि संध्याकाळी दिव्याखाली दोन नातवंडे अभ्यासाला बसतात. त्या घरच्या अव्वा वर आल्या. भांडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "नीर नम्म गोडिगि बरतद, बाई." पाणी आमच्या भिंतीला येतंय.

त्या रात्रीपासून मुलांचे दप्तर पडवीतून आत गेले आणि म्हैस दुसरीकडे बांधली गेली. आम्ही वरच्या बाजूने छपराच्या पन्हाळीचे तोंड फिरवून पाणी रस्त्याकडे काढले आणि भरावावर प्लास्टिकचा कागद अंथरला. पाऊस ओसरेपर्यंत एवढेच करणे शक्य होते. कुणाच्या भिंतीला असा फुगवटा दिसला तर पावसात तिच्या पायथ्याशी खणू नये आणि खाली टेकू लावायला कुणाला उभेही करू नये. आधी माणसे व जनावरे हलवावीत, मग वरचे पाणी वळवावे.

घरात पुढे दोन मते झाली. दिरांचे म्हणणे, आता लोखंड घालून आणखी जाड भिंत बांधू, म्हणजे कायमचा निकाल. सासूबाईंना अंगण मोडायचे नव्हते. मी वर लिहिलेला हिशोब कागदावर मांडून दाखवला, पण निर्णय खरा झाला तो दगडकामाला बोलावलेल्या एका वृद्ध वडार कारागिरामुळे. त्यांनी भिंतीकडे फार वेळ पाहिलेच नाही. ते परसभर फिरले, छपराकडे पाहिले आणि विचारले, "हे पाणी जातं कुठं?" आमच्यापैकी कुणापाशीच उत्तर नव्हते. मग ते म्हणाले, "आधी पाण्याला वाट द्या. मग दगड तुमचं ऐकतो."

पहिले काम पाण्याचे

हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला तर सुमारे २३०० लिटर पाणी होते. जोराच्या पावसात एवढे पाणी तासाभरात पडते, आणि आपण ते पन्हाळीतून सरळ परसात सोडून देतो. म्हणून २०२१च्या उन्हाळ्यात आम्ही कामाची सुरुवात छपरापासून केली. सारे पाणी नळीने खाली आणून टाकीत घेतले आणि टाकी भरल्यावरचे पाणी गल्लीच्या गटारीकडे नेले. शेजाऱ्याच्या हद्दीकडे एकही नळी जाऊ दिली नाही.

दुसरी गोष्ट, घराच्या मागच्या दाराशी उताराला आडवा एक उथळ चर. त्याला शंभर फुटाला एक फूट एवढाच ढाळ द्यावा. ढाळ जास्त झाला तर चरच धुपून ओहोळ होतो. पातळी काढायला यंत्र लागत नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी जी पातळी काढतात ती पुरते. नाहीतर इंग्रजी ए अक्षरासारखी लाकडी चौकट करून तिच्या मधोमध दोरीला दगड टांगावा. दोरी आडव्या पट्टीवरच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय समपातळीत आले. पाणलोटाच्या कामात खेड्यापाड्यांतल्या बायकांनी अशाच चौकटीने डोंगर आखले आहेत.

उताराला आडवे जाऊन पाण्याचा वेग मोडायचा, हे तत्त्व आपल्या भागाला नवे नाही. १९३३ साली सोलापूर व विजापूर येथे आणि पाठोपाठ रायचूर येथे कोरडवाहू शेतीची संशोधन केंद्रे सुरू झाली, तेव्हापासून बांधबंदिस्ती हा त्यांच्या कामाचा गाभा राहिला. काळ्या जमिनीच्या धुपीवर काम करणारे बल्लारीचे केंद्र १९५४चे. मराठी बांध म्हणा, कन्नड बदु म्हणा, विद्या एकच आहे. शेतात आपण ती वापरतो आणि घरी विसरतो.

एक सावधगिरी. पाणी मुरवण्याचा खड्डा चांगला, पण तो भिंतीच्या मागे किंवा घराच्या पायाजवळ नको. काळ्या मातीत तर मुळीच नको.

एका उंच भिंतीऐवजी दोन बुटक्या

जुनी भिंत आम्ही ऐन उन्हाळ्यात, जमीन कोरडी ठणठणीत असताना, वरून खाली थराथराने उतरवली. आधी मागची माती काढायची, मग तेवढीच भिंत, असा क्रम ठेवला. निघालेली काळी माती शेतावर नेली.

त्यानंतर सहा फुटांच्या एका भिंतीऐवजी तीन-तीन फुटांच्या दोन ताली घातल्या. पहिली हद्दीपासून दोन फूट आत, दुसरी तिच्यामागे चौदा फुटांवर. दोन तालींमधले अंतर खालच्या तालीच्या उंचीच्या निदान दुप्पट असावे. ते कमी ठेवले तर वरच्या तालीचे ओझे खालचीवर पडते आणि दोन भिंतींची पुन्हा एकच होते.

दगड जवळपासचाच काळा, सिमेंट नाही, कोरडी रचाई. वाचणाऱ्यांसाठी तिचे नियम थोडक्यात देते.

पाया मुरूम लागेपर्यंत खणावा, काळ्या मातीवर ताल उभी करू नये. तळाची रुंदी उंचीच्या निम्म्याहून कमी नको. तोंड सरळ उभे न ठेवता दर फुटाला दोन इंच मागे, उताराकडे, कलते घ्यावे. सर्वांत मोठे दगड तळाला. वरचा दगड खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर बसवावा, सांध्यावर सांधा येऊ देऊ नये. मागे फूटभर जाडीची खडी भरावी, तिच्यामागे मुरूम, आणि माती फक्त वरच्या फूटभरात, झाडांपुरती. पाणी खडीतून खाली येते आणि दगडांच्या फटींतून निघून जाते. ज्यांना सिमेंटचीच भिंत हवी असेल त्यांनीही मागे खडी भरावी आणि तळाशी दर चार-पाच फुटांवर तीन इंची नळी आरपार ठेवावी. पावसाळ्याआधी त्या नळ्यांत काठी घालून त्या मोकळ्या आहेत ना, हे पाहावे.

आणखी एक नियम आपल्या भागाने फार मोठी किंमत देऊन शिकलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या जाड भिंतींनीच हजारो माणसांचा जीव घेतला. त्या भिंती आत आणि बाहेर अशा दोन पदरांच्या होत्या, मध्ये चिपा आणि माती. दोन पदर बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते. हादरा बसताच पदर सुटले. तेव्हापासून सांगितले जाते की दर दोन फूट उंचीला आणि आडवे दर चार फुटांवर एक लांब दगड भिंतीच्या पूर्ण जाडीतून घालावा. २०२१च्या ऑक्टोबरात चिंचोळी तालुक्यात गडिकेश्वरकडे पुन्हा धक्के बसले, म्हणजे धोका संपला असे समजण्याचे कारण नाही. ताल तीन फुटांचीच असली तरी आरपार दगड घालावाच. चार फुटांच्या वर काही उभे करायचे असेल, किंवा वर घर आणि खाली घर असेल, तर इंजिनिअरला जागेवर आणून दाखवावे. तो खर्च वाया जात नाही.

पायऱ्यांना आम्ही शहाबादी फरशी वापरली. आपल्याच कलबुर्गी जिल्ह्यातला दगड, स्वस्त आणि टिकाऊ. फक्त पॉलिश केलेली घेऊ नये, पावसात म्हाताऱ्या माणसांचा पाय घसरतो.

वाळा, म्हणजेच लावंच

दगड माती अडवतो, पण तिला धरून ठेवतात ती मुळे. यासाठी उन्हाळ्यात माठात घालतो तो वाळा, कन्नडात लावंच, याच्यासारखे दुसरे गवत नाही. त्याची मुळे आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात आणि चांगल्या जमिनीत तीन मीटरपर्यंत पोचतात. म्हैसूरकडच्या गुंडलुपेट भागातले शेतकरी शंभराहून अधिक वर्षे शेताच्या हद्दीवर वाळ्याचे कुंपण राखत आले आहेत. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या कामावर आलेल्या ग्रीनफिल्ड आणि ग्रिमशॉ या दोन शेतीतज्ज्ञांनी ते पाहिले, त्यावर पुस्तिका निघाली, आणि पुढे अनेक देशांत रस्त्यांचे उतार वाळ्याने बांधले गेले. हित्तलातले गवत असे जगभर औषध म्हणून गेले.

लावण्याची रीत सोपी. जून-जुलैत पाऊस लागल्यावर फुटवे सोडवून, पाने वीतभर ठेवून छाटावीत आणि तालीच्या वरच्या कडेने, समपातळीत, चार ते सहा इंचांवर एका ओळीत लावावेत. अंतर जास्त ठेवले तर मधून पाणी वाट काढते. पहिल्या वर्षी मेलेल्या जागी दुसरा फुटवा लावायचा, एवढीच राखण. दक्षिणेकडचा वाळा बी धरत नाही, त्यामुळे तण होऊन शेजाऱ्याकडे पसरत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दाट भिंत होते आणि गढूळ पाणी तिच्यातून गाळून खाली उतरते.

मधल्या मोकळ्या जागेत हरळी, म्हणजे गरिके, पसरू द्यावी. मुरमाड भागात सीताफळ उत्तम येते. कढीपत्ता, लिंबू, डाळिंब, गवती चहा, अडुळसा ही मंडळी उतारावर समाधानी असतात. वड, पिंपळ, उंबर यांचे रोप तालीत उगवले तर लहान असतानाच काढून दुसरीकडे लावावे. त्यांची मुळे पुढे दगड उचकटतात. केळीसारखे रोजच्या पाण्याचे झाड तालीच्या माथ्यावर नको, ते खाली टाकीच्या सांडव्याजवळ लावावे.

सासूबाईंचे अंगण लहान झाले, हे खरे. पण घराजवळचा वीस-बावीस फुटांचा सपाट भाग राहिला आणि वाळवणे आता तिथेच होतात. खालच्या टप्प्यावर त्यांनी झेंडू आणि वांगी लावली आहेत.

हद्द आणि शेजार

शेवटी थोडे माणसांविषयी. वरच्याने आपले पाणी वळवले आणि ते खालच्याच्या दारात गेले, तर काम झाले असे म्हणता येत नाही. हद्दीवर आम्ही जे दोन फूट सोडले, त्यातून दगडी नाली काढून गल्लीपर्यंत नेली. नालीचा अर्धा भाग त्यांच्या अंगाला लागून आहे, म्हणून दोरी लावण्याआधीच त्यांना बोलावले. अव्वांच्या मुलाने स्वतः उभे राहून पातळी धरली. नाली दरवर्षी मिरगाच्या आधी दोन्ही घरांनी मिळून साफ करायची असे ठरले आहे. त्यानंतरच्या पावसाळ्यांत तालीचा दगड हललेला नाही आणि नातवंडे पुन्हा पडवीत अभ्यासाला बसू लागली आहेत. थोरला आता माझ्याच कॉलेजात येतो.

आपल्यापैकी ज्यांचे परस उताराचे आहे, त्यांनी रोहिणीचा पहिला जोराचा पाऊस आला की वीज चमकत नसेल तेव्हा छत्री घेऊन दहा मिनिटे मागे उभे राहावे. पाणी कुठून येते, कुठे थांबते आणि कुठे जाते हे पाहावे. भिंतीला चीर आहे का, फुगवटा आहे का, भोके बुजली आहेत का, हे तपासावे. मग खालच्या घरी जाऊन, मराठीत किंवा कन्नडात, त्यांच्याकडे पाणी कसे येते हे विचारावे. गवंड्याला निरोप त्यानंतर धाडावा.